पूर्वलक्षी प्रभावाने सुरू झालेला संगणक

“मशीनला काय माहीत आज कोणती तिथी आहे?” स्वयंपाकघरातून बाबांचा दबका आवाज आला.

“मशीनला नसेल माहीत. मला माहीत आहे ना, बाप्पा!” हा आत्याचा. तो दबका नव्हता. आत्याचा आवाज दबतच नाही.

मी बैठकीच्या खोलीत नव्या संगणकाच्या खोक्याशेजारी कात्री घेऊन बसले होते आणि खोकं उघडायच्या मंजुरीची वाट पाहत होते. आमच्याकडे निर्णय स्वयंपाकघरात होतात. बैठकीत ते फक्त कळवले जातात.

भानगड अशी होती, की मागवला तेव्हा हा संगणक गणपतीत येणार होता. पण तो वाटेत कुठेतरी रमला आणि नेमका पितृपक्षात भोपाळला, आनंद नगरात, आमच्या दारात येऊन उभा राहिला. घरात आईबाबाच असते तर निभावलं असतं. पण आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या श्राद्धासाठी नागपूरहून आत्या आली होती. आत्या बाबांची मोठी बहीण. पक्षपंधरवड्यात नवी वस्तू उघडायची नाही, हा तिचा कायदा. मागे एकदा आईनं पितृपक्षात नवी कढई वापरायला काढली होती. त्यानंतर वर्षभर जे जे बिघडलं (बाबांचा गुडघा, माझा गणिताचा पेपर, शेजाऱ्यांच्या स्कूटरचा क्लच), ते सगळं आत्यानं नागपुरात बसून त्या कढईच्या नावावर टाकलं.

आणि मला तर खोकं आजच उघडायला हवं होतं. पुण्याच्या एका कंपनीनं मला घरबसल्या काम देऊ केलं होतं. ती कंपनी शाळेच्या मुलांसाठी संगणकावरचे धडे बनवते. त्यातल्या चुका मी शोधायच्या. अट एकच. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत त्यांचं सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर बसवून, चालवून दाखवायचं. नाही जमलं तर जागा दुसऱ्या मुलीला.

आज शनिवार होता.

ही नोकरी मला इतकी का हवी होती, तेही सांगते. या नोकरीत बोलावं लागत नाही! फोन नाही, मीटिंग नाही, “तुमचं काय मत?” नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे मला मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत (भोपाळची हिंदी धरली तर तीन भाषांत) उत्तम गप्प बसता येतं. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा असायचा, “शांत मुलगी”. दहावीत तर बाईंनी तो लिहिण्याआधी मला माझं नाव विचारलं होतं. मागच्या मुलाखतीत साहेब म्हणाले, स्वतःबद्दल काही सांगा. तर मी माझा बायोडाटा उचलून पुन्हा त्यांच्याकडे सरकवला. आणि आता जगाच्या पाठीवर माझ्यासाठीच बनवलेली एक नोकरी सापडली होती, तर ती पितरांनी अडवून धरली होती.

स्वयंपाकघरातून आता बाबांचा निराळा आवाज ऐकू आला. ऑफिसातला. बाबा राज्य सरकारच्या एका खात्यात अधीक्षक आहेत. आबाही तेच होते. मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली तेव्हा ते नागपूरहून फायलींच्या पेट्यांबरोबर इथे आले आणि पेट्यांबरोबरच राहिले. त्यामुळे कुठलाही पेच पडला, की बाबांचा आवाज आपोआप गंभीर आणि तुपकट होतो.

“मग असं करू या, ताई...” आणि पुढचं सगळं कुजबुजीत.

मी कान टवकारले. काही ऐकू आलं नाही. पण बाहेर आली तेव्हा आत्या चक्क हसत होती.

“उघड गं पोरी खोकं,” ती म्हणाली. “आणि जा, कोपऱ्यावरून एक नारळ घेऊन ये.”

पितृपक्षात नारळ? मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. (माझ्या आयुष्यातल्या बहुतेक प्रसंगांचं वर्णन या दोन शब्दांत करता येईल.)

नारळ घेऊन जिना चढताना वरच्या मजल्यावरचे दुबे अंकल भेटले. दुबे अंकल रायसेन रोडच्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. तिथे ते विजेच्या मोठमोठ्या मोटर्सच्या चाचण्या घेत. निवृत्तीनंतर मोटर्स मिळेनात, म्हणून ते आता मिक्सर, पंखे, गीझर आणि शेजारी यांच्या चाचण्या घेतात.

“नारियल? कुछ नया आया क्या, बिटिया?”

मी मान हलवली. “काही विशेष नाही” अशा अर्थानं. पण माझी “हो”ची मान आणि “नाही”ची मान यांत फारसा फरक नसावा, कारण अंकल लगेच वळले, खिशातला टेस्टर चाचपला आणि माझ्यामागून आमच्या घरात शिरले.

संगणक चालूसुद्धा झाला होता! पडद्यावर हिरवी कुरणं, मागच्या सीपीयूवर हळदकुंकू, माउसवर एक झेंडूचं फूल. बाबा खुर्चीवरून उठत होते आणि आत्या समाधानानं हात जोडून उभी होती. नारळ फुटला. मी पुढे होऊन खुर्चीत बसणार, तोवर त्या खुर्चीत दुबे अंकल बसलेले होते.

“हटो बिटिया, अपन देखते हैं. नई मशीन को एकदम से लोड नहीं देना चाहिए.”

खरं तर मी बसवू शकले असते. कंपनीनं पाठवलेल्या पायऱ्या मी पाठ केल्या होत्या. पण “अंकल, उठा” हे वाक्य मी मनात मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत तयार करून पाहिलं. तिन्ही भाषांत ते उद्धट वाटलं. मग मी खुर्चीमागे उभी राहिले.

अंकलनी कंपनीची लिंक उघडली. पडद्यावर एक मोठं पान आलं, त्यावर लाल त्रिकोण आणि इंग्रजी मजकूर. मी पहिला शब्द वाचतेय तोवर अंकलनी पान बंद केलं.

“क्या लिखा था?” बाबांनी विचारलं.

“कुछ नहीं. धमकी थी,” अंकल म्हणाले. “ये सब पढ़ने बैठो तो आदमी काम कब करेगा?”

मग त्यांनी माझ्या फोनवर आलेली फाइल वायरीनं संगणकात घेतली. ती सुरू झाली. हिरवी पट्टी सरकू लागली, निम्म्यावर आली, थबकली; आणि टण् असा आवाज होऊन एक चौकट उमटली. लाल फुली, खाली मजकूर.

“मनू, वाच वाच!” बाबा ओरडले. “इंग्रजी शाळेत घातलंय कशाला तुला?”

मी वाकले. टक! अंकलनी “ओके” दाबलं. चौकट गेली.

“जब वो खुद पूछ रहा है ओके, तो अपन भी बोल दें ओके,” अंकल म्हणाले. “बात ख़तम.”

बात काही ख़तम होईना. पुन्हा पट्टी, पुन्हा टण्, पुन्हा मी वाकते, पुन्हा टक! थोड्या वेळानं तर मी नमस्कारासाठी वाकतेय अशी आत्याची समजूत झाली आणि तिनं मला तोंड भरून आशीर्वाद दिला.

“नेट कमज़ोर है,” अंकलनी निदान केलं. “पंडित साब, राउटर ऊपर करो.” (आम्ही पंडित नाही. पण बाबांनी एकदा त्यांना पंचांग बघून काहीतरी सांगितलं होतं, तेव्हापासून ते पंडित साब.)

बाबांनी राउटर कपाटावर ठेवला. टण्. खिडकीत ठेवला. टण्. शेवटी बाबा स्टुलावर चढले आणि राउटर दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभे राहिले, दहीहंडीत वरच्या थरावरचा गोविंदा उभा राहावा तसे. आई स्टूल धरून बसली. “अहो, गुडघा!” ती मधूनमधून म्हणत होती.

टण्.

“तो फिर अर्थिंग,” अंकल म्हणाले आणि त्यांनी टेस्टर काढला. तो त्यांनी संगणकाला चारी बाजूंनी लावून पाहिला, डॉक्टर पाठीला लावतात तसा. “हओ! यही बात है. मशीन को ज़मीन नहीं मिल रही.”

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. दुसऱ्या मजल्यावर ज़मीन आणायची कुठून? अंकलची नजर बाल्कनीत गेली. तिथे आईची तुळस होती. त्यांनी वायरीचं एक टोक संगणकाच्या पाठीमागच्या स्क्रूला गुंडाळलं आणि दुसरं टोक तुळशीच्या कुंडीत खोचलं.

“तुळशीला करंट देऊन राहिले काय, बाप्पा?” आत्या किंचाळली.

“दीदी, करंट दे नहीं रहे, वापस भेज रहे हैं. आप बस पानी डालती रहिए. मिट्टी गीली चाहिए.”

पाणी घालण्यात धर्माला काही अडचण नव्हती. आत्या तांब्या घेऊन कुंडीशी बसली. आता आमच्या घराचं दृश्य असं होतं : बाबा स्टुलावर, राउटर बाबांच्या डोक्यावर, आई स्टुलाला धरून, आत्या तुळशीपाशी, अंकल खुर्चीत, आणि ज्या मुलीची नोकरी होती ती अंकलसाठी श्राद्धाची उरलेली खीर गरम करत होती.

खिरीचं भांडं उतरवताना घड्याळाकडे लक्ष गेलं. चार वाजून गेले होते. मी पुण्याच्या कंपनीतल्या मॅडमना मेसेज पाठवला, “एरर येतेय, प्रयत्न करते आहे.” त्यांचं उत्तर आलं, “पाचला कॉल करते. तोपर्यंत करा.” शेवटी पूर्णविराम होता. त्या पूर्णविरामाची मला फार भीती वाटली.

मग मी गप्प माणसांचा उपाय केला. वाटी एका हातात घेतली, फोन दुसऱ्या हातात, आणि अंकलच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिले. पट्टी निम्म्यावर आली. टण्! त्याच क्षणी मी फोटो काढला. टक! चौकट गेली, पण ती माझ्याकडे होती!

“काहून गं, आमचा फोटो काढून राहिली?” आत्यानं बाल्कनीतून विचारलं आणि पदर सारखा केला.

मी फ्रिजचं दार उघडून त्यामागे जाऊन वाचलं. मजकूर अगदी साधा होता. “या कंपनीचं प्रमाणपत्र जूनपासून लागू आहे, अजून लागू झालेलं नाही. आपल्या संगणकाची तारीख आणि वेळ तपासा.” सकाळपासून तो बिचारा संगणक हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता आणि त्याला कोणी पुरं बोलूच देत नव्हतं. मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

मी परत आले आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पाहिलं. वेळ बरोबर होती. महिना एप्रिल होता.

बाहेर तर सप्टेंबर चालू होता.

मी जाऊन स्टुलावर उभ्या बाबांचा पायजमा ओढला.

“बाबा, तारीख.”

“कसली तारीख?”

“संगणकाची. एप्रिल दाखवतोय.”

बाबांनी चोरट्यासारखं बाल्कनीकडे पाहिलं. “श्श! हळू बोल!”

(मला! आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मला हळू बोल म्हणत होतं.)

“मीच घातलीय,” बाबा वरून कुजबुजले. “अक्षय्य तृतीया. साडेतीन मुहूर्तांतला दिवस. ताईला सांगितलं, रेकॉर्डवर संगणक अक्षय्य तृतीयेलाच सुरू झाला. पूर्वलक्षी प्रभावानं.”

बाबांना संगणकातलं फारसं काही येत नाही. माउस ते अजूनही दोन हातांनी धरतात. पण तारीख मागे नेणं त्यांना पक्कं येतं! ती आपोआप पुन्हा बरोबर होऊ नये म्हणून कुठलं बटण बंद करायचं, तेही त्यांना ठाऊक होतं.

“बाबा, म्हणूनच बसत नाहीये ते! कंपनीचं प्रमाणपत्र जूनपासून लागू आहे आणि आपला संगणक एप्रिलमध्ये बसलाय. त्याच्या हिशेबानं ते अजून निघालेलंच नाही.”

बाबा चमकले. राउटर डोक्यावर तसाच धरून त्यांनी विचार केला.

“म्हणजे ऑब्जेक्शन बरोबर आहे त्याचं,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आदर होता. “जूनचा कागद एप्रिलच्या फायलीत कसा लागेल? मीसुद्धा परत पाठवला असता.”

“मग बदलू तारीख?”

“आत्ता? ताईसमोर?” बाबांबरोबर स्टूलही हललं. “ती उद्या सकाळच्या गाडीनं निघतेय. मग बदलू.”

“पाचला कॉल आहे, बाबा!”

“मग तू सांग तिला.”

“मी?”

“हे बघा, मला या स्टुलाखाली काही ऐकू आलेलं नाही,” आई म्हणाली. ती सगळं ऐकत होती.

तेवढ्यात खुर्चीतून दुबे अंकलनी घोषणा केली, “पंडित साब, अब एक ही इलाज है. फॉरमॅट!”

फॉरमॅट म्हणजे संगणकात आहे नाही ते सगळं पुसून टाकायचं आणि श्रीगणेशापासून सुरुवात करायची. ते उरकेपर्यंत पाच कुठले, रात्रीची जेवणं झाली असती आणि त्या दुसऱ्या मुलीला माझी नोकरी लागलेली असती. अंकलनी तो पडदा शोधूनही काढला. “सगळं पुसायचं? नक्की?” असं संगणक विचारत होता. आणि विचारणाऱ्याला ओके म्हणायचं, हे अंकलचं तत्त्व तर तुम्हाला ठाऊकच आहे.

मी बोलायला तोंड उघडलं. खोकला आला. आत्यानं तुळशीचा तांब्या पुढे केला. “घे, पाणी पी.”

मी पुन्हा तोंड उघडलं. “अंकल...” आणि कुकरची शिट्टी झाली.

अंकलचं बोट बटणावर टेकलं.

“थांबा!!”

हा आवाज कुठून आला ते बघायला मीसुद्धा मागे वळले. मागे कोणी नव्हतं. खालच्या मजल्यावरचा, सकाळपासून भुंकणारा कुत्रा गप्प झाला. बाबांच्या हातून राउटर सुटला, तो आईनं वरचेवर झेलला.

“ही बोलली?” आत्यानं विचारलं.

“बोलली,” आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, बहुधा.

“अंकल, प्लीज़ उठिए,” मी म्हणाले. अंकल उठले! इतकं सोपं होतं! इतकी वर्षं कोणी मला सांगितलं का नाही?

मी खुर्चीत बसले आणि खुर्ची आत्याकडे वळवली. कारण खरी एरर तिकडे होती.

“आत्या, संगणकाची तारीख आजची करावी लागणार आहे. नाहीतर माझी नोकरी जाईल.”

आत्याचा चेहरा बदलला. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी कपाटाकडे पाहिलं.

“म्हणजे संगणक आज सुरू झाला असं होईल,” ती एकेक शब्द तोलत म्हणाली. “पितृपक्षात. आबांच्या श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी. मग मी सकाळपासून पाणी कशाला घालून राहिले?”

आता खरं तर मी गप्प बसायचं होतं. सवयीनं ओठ मिटलेही. पण शब्द आतून ढकलाढकली करत होते, आणि माझ्या लक्षात आलं, की दोन पिढ्यांची फायलींची पुण्याई माझ्याही अंगात आहे.

“आज कुठे सुरू झाला, आत्या? सुरू तर अक्षय्य तृतीयेलाच झाला. तुझ्यासमोर हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. आता ते कोणी पुसू शकतं का?”

“कोण पुसतो, बघू!” आत्या म्हणाली.

“पण अक्षय्य तृतीया होऊन किती महिने झाले? पाऊस झाला, गणपती येऊन गेले. वस्तू नवी कुठे राहिली? हा तर जुना संगणक झाला. पक्षपंधरवड्यात नवी वस्तू उघडायची नाही, हे बरोबरच आहे. पण जुनी वापरायला काय हरकत आहे?”

तुळशीच्या कुंडीतून जादा पाणी टपटपत होतं. आत्यानं डोळे बारीक केले, मनातल्या मनात सगळे नियम उलटेपालटे करून पाहिले, आणि मग हळूहळू तिचा चेहरा उजळला.

“तेच तर मी म्हणते!” ती आईकडे वळून म्हणाली. “ती कढई जुनी असती तर मी एक शब्द बोलले असते का?”

बाबा स्टुलावरून माझ्याकडे नुसते पाहत होते. आपल्या हाताखालचा नवा कारकून पहिल्याच टिप्पणीत मंत्रालयाला निरुत्तर करून आला, की वरिष्ठांच्या तोंडावर जो भाव येत असेल, तो त्यांच्या तोंडावर होता.

मी तारखेवर क्लिक केलं. बाबांनी बंद केलेलं बटण चालू केलं. एप्रिल गेला, मे गेला, जून गेला, डोळ्याची पापणी लवायच्या आत आमचा संगणक जुना आणि सुजाण होऊन सप्टेंबरात येऊन पोचला. मी कंपनीची फाइल पुन्हा सुरू केली. हिरवी पट्टी निघाली. निम्म्यावर आली. सगळ्यांनी श्वास रोखले. अंकलचं बोट सवयीनं पुढे आलं. आत्यानं ते तांब्यानं मागे सारलं.

पट्टी पुढे सरकली! टोकाला जाऊन भिडली! सॉफ्टवेअर बसलं!

आईनं टाळ्या वाजवल्या. बाबा स्टुलावरून उडी मारणार होते, पण गुडघ्याची आठवण होऊन बेतानं उतरले.

“देखा?” दुबे अंकल म्हणाले. “अर्थिंग ने आख़िर पकड़ ही लिया!” आणि खुशीत त्यांनी खिरीची दुसरी वाटी मागितली. कोणी त्यांचं म्हणणं खोडलं नाही. विजयाच्या दिवशी माणसानं उदार असावं.

पाच वाजले आणि पुण्याच्या मॅडमचा कॉल आला. पडद्यावर त्यांचा चष्मा दिसला, मग त्या. मी सॉफ्टवेअर चालवून दाखवलं. एक धडा उघडला, त्यातल्या दोन चुकाही लगोलग काढून दिल्या.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “व्यवस्थित चाललंय. दुपारी एरर येत होती ना? काय झालं होतं?”

एरवी मी “झालं नीट” एवढं म्हणाले असते, आणि तेही मेसेजमध्ये. पण त्या दिवशी मला बोलण्याची चव लागली होती. मी सुरुवात केली ती थेट पितृपक्षापासून. मग अक्षय्य तृतीया, राउटर, तुळस, टण् आणि टक, प्रमाणपत्राची तारीख का जुळली नाही, तारीख मागे असली की सॉफ्टवेअर का बसत नाही, ती बघायची कुठे, बदलायची कशी, आणि बदलताना घरातल्या वडीलधाऱ्यांना काय सांगायचं! मॅडम आधी कसनुशा हसल्या, मग मोकळ्या हसल्या, मग चष्मा काढून डोळे पुसू लागल्या. माझ्या मागे घरातले सगळे कडेकडेनं येऊन उभे राहिले होते. त्यांनी मला सलग इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मीसुद्धा नव्हतं.

“अहो, तुम्ही किती छान समजावून सांगता!” मॅडम म्हणाल्या. “आमच्याकडे रोज शाळाशाळांतून शिक्षकांचे फोन येतात, सॉफ्टवेअर बसत नाही म्हणून. असं धीरानं, हसत सांगणारं माणूसच मिळत नाही आम्हाला. चुका तपासायला काय, ती दुसरी मुलगीही चालेल. तुम्ही आमच्या मदत केंद्रावर का येत नाही? सोमवारपासून. घरूनच. दिवसभर फोनवर बोलायचं, बाकी काही नाही. तुम्हाला लोकांशी बोलायला आवडतं ना?”

दिवसभर. फोनवर. बाकी काही नाही! मी मागे पाहिलं. आई पदराचं टोक धरून उभी होती, बाबांनी राउटर छातीशी कवटाळला होता, अंकल तोंडातला घास गिळायला विसरले होते, आणि आत्या मला खुणेनं सांगत होती, “हो म्हण, हो म्हण!” अजूनही वेळ होती. नुसती मान हलवली असती, तर मॅडमना ती “नाही”ची मान वाटली असती आणि मी सुखात गप्प राहिले असते.

मी माइक जवळ ओढला, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “हो तर, मॅडम! मला लहानपणापासून बोलण्याची भारी आवड आहे!”